भिंतीच्या दर्जेतला इतिहास

जुन्या वाड्याचा इतिहास आपण मालकाच्या नावाने लिहितो. मी तो दोन विटांमधल्या दर्जेत शोधतो. यवतमाळ जिल्ह्याचा बहुतेक भाग काळ्या दगडाचा, आणि त्यातून चुना निघत नाही. चुन्याचा दगड आहे तो वणी नि झरी-जामणीच्या अंगाला. वणीजवळच्या राजूरची ओळखच चुनाभट्ट्यांची. इतरत्र काळ्या जमिनीतले चुनखडीचे खडे भाजले जात. त्यांत माती असते, म्हणून तो चुना मळकट दिसतो. पण ओलीतही आवळतो. दर्ज पांढरी की मळकट, एवढ्यावरूनही चुना कुठला असेल याचा अंदाज बांधता येतो. गुलाबी दिसली तर त्यात सुरखी, म्हणजे विटांची पूड आहे.

शंभर किलो शुद्ध चुनखडी सुमारे ९०० अंशांवर भाजली की ५६ किलो कळीचा चुना उरतो. बाकीचा वायू होऊन उडतो. चुना विरवून, वाळू-सुरखीसह बैलाच्या घाणीत मळून भिंतीत भरला, की तोच वायू हवेतून परत घेत तो सावकाश दगड होतो. या सावकाशीला आपण कंटाळलो. १९१४ मध्ये पोरबंदरला सिमेंट निघू लागले, आणि पुढे चुन्याचा गवंडी मागे पडत गेला. आता खुद्द मुकुटबनलाही सिमेंटचा कारखाना आहे.

नव्या बांधकामाला सिमेंट खुशाल वापरावे. पण मऊ, कमी भाजलेल्या जुन्या विटांच्या दर्जा सिमेंटने भरणे म्हणजे दुरुस्ती नव्हे, नासाडी. भिंतीतली ओल दर्जेतून बाहेर पडेनाशी होते आणि विटेतून वाट काढते. बरोबरचे क्षार विटेच्या तोंडाशी साठतात, लोणा लागतो, वीट पापुद्र्यांनी झडते. शेवटी सिमेंटची जाळी तेवढी उभी राहते. चुन्याची दर्ज स्वतः झिजते, वीट वाचवते. झिजलेली दर्ज पुन्हा भरता येते.

भरायची ती अशी: रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायची, छिन्नी हाताने चालवायची, धूळ काढून विटा भिजवायच्या, चुना दाबून भरायचा आणि काही दिवस ओले गोणपाट लावून ठेवायचे. ऊन लागले तर चुना भुसभुशीत राहतो.

खरवडलेला जुना चुना मात्र फेकू नये. त्याचा खडा सौम्य आम्लात टाकला की चुना विरघळतो, तळाशी वाळू नि सुरखी उरते. ती वाळू जवळच्या नाल्यातल्या वाळूशी ताडून पाहता येते. नवा चुना कालवायचा तो त्याच मापाने.