अक्षरांचे स्थलांतर : मोडीपासून युनिकोडपर्यंत

संगणकाची कार्यप्रणाली बदलली की माणसाला काय आठवते, हा प्रश्न इंग्रजीत विचारला तर उत्तरे बहुधा सोयींची येतात. विंडोजवरून लिनक्सकडे गेलेल्याला ओळखीचे मेनू आठवतात, मॅकवरून विंडोजकडे आलेल्याला फायली शोधण्याची सोय आठवते. हाच प्रश्न मराठवाड्यातल्या एखाद्या डीटीपी करणाऱ्याला, शाळेतल्या लिपिकाला किंवा स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला विचारा. तो म्हणेल, ‘‘तिकडे माझी अक्षरंच गेली.’’ बोटांना पाठ असलेल्या ठिकाणी अक्षर सापडत नाही आणि पंधरा वर्षांपूर्वीची फाईल उघडली तर पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरांची रांग येते. या तक्रारीला मोठा इतिहास आहे, आणि तो संगणकाच्या कितीतरी आधी सुरू होतो.

मी धर्मापुरीचा. बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई-परळीच्या परिसरातले हे गाव किल्ल्यासाठी आणि चालुक्यकालीन केदारेश्वर मंदिरासाठी अभ्यासकांना परिचित आहे. गावाविषयी आणि परिसराविषयी जे काही लिहिले गेले ते एकत्र करण्याचे काम मी काही वर्षे करतो आहे. त्यात दगडावरची अक्षरे आहेत, उर्दू आणि मोडीतले कागद आहेत, टंकलिखित अहवाल आहेत आणि सीडी-फ्लॉपीवरच्या फायलीही आहेत. यांत सर्वांत तरुण असलेल्या फायलीच वाचायला सर्वांत अवघड निघाल्या. त्याची कारणे शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडतो.

पहिले स्थलांतर : मोडी आणि उर्दू

मोडी ही शतकानुशतके मराठी कारभाराची लिपी होती. तिचा संबंध हेमाडपंताशी जोडण्याची परंपरा आहे. आधी सबंध ओळीची शिरोरेघ ओढायची आणि मग हात फारसा न उचलता अक्षरे लिहीत जायची, ही तिची रीत. ऱ्हस्व-दीर्घाचा काच नाही, वेग मात्र भरपूर. ही लिपी छापखान्यात गेलीच नाही असे नाही. श्रीरामपूरला विल्यम कॅरीने १८१० साली प्रसिद्ध केलेला मराठी कोश मोडी खिळ्यांत छापलेला आहे. पण अक्षर अक्षराला लगटून चालणारी लिपी सुट्या खिळ्यांत बसवणे जिकिरीचे होते. छपाईने बाळबोध उचलून धरली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतूनही गेली. मोडीत वाढलेल्या कारकुनाला बाळबोध लिहिताना काय आठवत असेल? हाताचा वेग. बाळबोधीत प्रत्येक अक्षर सुटे, त्यामुळे लेखणी पदोपदी उचलावी लागे.

आमच्या भागात यात आणखी एक पदर आहे. बीड जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस राज्यकारभारात फारसीची जागा उर्दूने घेतली. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले, १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. एका पिढीच्या आत कारभाराची भाषा आणि लिपी दोन्ही बदलल्या. कागद कपाटांत राहिले, ते वाचणारे मात्र हळूहळू नाहीसे झाले.

याची किंमत किती असते हे २०२३ साली सर्वांना दिसले. मराठवाड्यातल्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तालुक्यातालुक्यांत जुनी दप्तरे उघडली. तेव्हा कागदाइतकीच गरज भासली ती उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एवढे मान्य करावे लागेल : आजोबांच्या नावाची नोंद जागेवर असूनही ती वाचता येत नसेल, तर नातवापुरती ती नसल्यासारखीच.

दुसरे स्थलांतर : बोटांची सवय

टंकयंत्राने मराठीला तडजोड करायला लावली. मोजक्या कळांवर सारी बाराखडी आणि जोडाक्षरे बसवायची, तर अक्षरांचे तुकडे करावे लागतात. अर्धा ‘त’ वेगळा, काना वेगळा, रफार वेगळा. टंकयंत्रावर ‘कि’ उमटवताना डोळ्यांना जी वेलांटी आधी दिसते तीच आधी मारायची आणि मग ‘क’. ‘धर्म’ लिहिताना ‘ध’, ‘म’ आणि शेवटी डोक्यावर रफार. म्हणजे उच्चाराचा क्रम सोडून नजरेचा क्रम. गोदरेजने १९५५ साली भारतीय बनावटीचे टंकयंत्र बाजारात आणले. पुढे तालुक्याच्या गावांत टंकलेखनाच्या शाळा निघाल्या. मिनिटाला ३० शब्दांचे मराठी टंकलेखन प्रमाणपत्र लिपिकाच्या नोकरीची पायरी ठरले. ग्रामीण मराठवाड्यातल्या कितीतरी घरांत पहिला पगार या प्रमाणपत्रावर आला. तेव्हा कळफलक ही नुसती सोय नव्हती, ते कमावलेले कौशल्य होते. पुढच्या काळात लोक जुन्या कळफलकाला का चिकटून राहिले, याचे कारण इथे आहे. त्याला अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे होईल.

जिस्ट कार्ड आणि फॉन्टचे युग

भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे काम आयआयटी कानपूरमध्ये सुरू झाले आणि १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने ते पुढे नेले. जिस्ट कार्ड हे त्याचे फळ. हे कार्ड संगणकात बसवले की डॉसवर चालणारे, मुळात इंग्रजीसाठी केलेले कार्यक्रमही देवनागरी दाखवू लागत. त्याच काळात दोन मानके आली. इन्स्क्रिप्ट कळफलकात डाव्या हाताला स्वर आणि उजव्या हाताला व्यंजने अशी शिस्त होती, आणि सर्व भारतीय लिप्यांना ती मांडणी समान होती. इस्की या संकेतप्रणालीत प्रत्येक अक्षराला ठरलेला क्रमांक होता; १९९१ साली ती भारतीय मानक झाली. दोन्हींचे तत्त्व एकच : जसे उच्चारतो त्या क्रमाने अक्षरे साठवायची, ती कशी दिसावीत हे यंत्राने पाहायचे. ‘कि’ म्हणजे आधी ‘क’, मग ऱ्हस्व वेलांटी.

विंडोज घरोघर आले आणि ही शिस्त मोडली. जिस्टसारखे कार्ड घेण्यापेक्षा स्वस्त मार्ग सापडला तो फॉन्टचा. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे काढून ठेवायचे, बस. संगणकाला वाटे आपण इंग्रजी साठवतो आहोत, वाचणाऱ्याला मराठी दिसे. कृतिदेव फॉन्टात ‘मराठी’ हा शब्द टाइप केला, तर फायलीत प्रत्यक्ष जातात ती ई, जे, के, मोठी बी आणि एच ही पाच इंग्रजी अक्षरे. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट काढला की मराठी गेली. शिवाय श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा प्रत्येक घराण्याची मांडणी वेगळी. एकाची फाईल दुसऱ्यात उघडली की भलतेच काही दिसे.

तरीही या फॉन्टना नावे ठेवून चालणार नाही. मराठी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’, पिळदार जोडाक्षरे, मथळ्यांची ठसठशीत अक्षरे, टंकयंत्राच्या सवयीचा कळफलक, हे सारे त्यांनी दिले. लग्नपत्रिका, स्मरणिका, जिल्हा दैनिके, ग्रामपंचायतींचे अहवाल, पीएच.डी.चे प्रबंध हे सगळे याच काळात, याच अक्षरांत झाले. कार्यप्रणाली बदललेला माणूस ज्याची आठवण काढतो ते हेच जग.

युनिकोड : काय मिळाले, काय हरवले

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ सालची. तिच्यातल्या देवनागरीची मांडणी इस्कीवर बेतलेली आहे. २००० साली आलेल्या विंडोज २००० पासून ती सामान्य वापरकर्त्याच्या हाताशी आली. सोबतचा ‘मंगल’ हा फॉन्ट प्रा. र. कृ. जोशी या मराठी सुलेखनकाराने घडवलेला होता. पण हाताशी म्हणजे हातात नव्हे. विंडोज एक्स्पीत जटिल लिप्यांच्या चौकटीवर खूण करून मूळ सीडी घालावी लागे, तेव्हा कुठे जोडाक्षरे नीट जुळत. ही खूण कुठे करायची हे ठाऊक नसल्याने अनेकांनी युनिकोड बिघडलेले आहे असा निष्कर्ष काढला आणि ते जुन्या फॉन्टकडे परतले.

लिनक्सच्या बाजूने इंडलिनक्ससारख्या स्वयंसेवी प्रयत्नांनी आणि रेड हॅटच्या ‘लोहित’ फॉन्टमालिकेने वाट तयार केली. पुढे सी-डॅकने ‘बॉस’ ही भारतीय लिनक्स प्रणाली आणली. सरकारी शाळा-कार्यालयांत परवान्याचा खर्च नको म्हणून लिनक्स आले, तेव्हा तिथल्या माणसांना काय खटकले? माझ्या परिसरातल्या लिपिक आणि शिक्षकांशी बोलून जे वारंवार ऐकले ते तीन गोष्टींत सांगता येईल.

पहिली गोष्ट कळफलकाची. वेलांटी आधी मारणारी बोटे आता व्यंजनाची वाट पाहू लागली. ज्यांनी इन्स्क्रिप्ट शिकले होते त्यांना मात्र काहीच अडले नाही, कारण विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हींत तोच कळफलक आहे. स्थलांतरात त्यांचे सामान हलके होते.

दुसरी गोष्ट अक्षरांच्या रूपाची. पडद्यावर हिंदी वळणाचा ‘ल’ आणि ‘श’ आला की मराठी वाचकाला मजकूर परका वाटतो. शासनाने नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेचे प्रमाणीकरण करताना ही रूपेही ठरवून दिली. आजचे चांगले फॉन्ट मजकुराची भाषा मराठी असल्याचे सांगितले तर मराठी रूप दाखवतात. पण ते सांगावे लागते, आणि सांगायचे कुठे हे फारसे कोणी शिकवत नाही.

तिसरी गोष्ट खास मराठीची : ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक. डोंगरातल्या दऱ्या आणि समुद्र म्हणजे दर्या. जुन्या फॉन्टात अर्ध्या ‘ऱ’ची ती चंद्रकोरीसारखी खूण एका कळीवर मिळे. युनिकोडात नुक्त्याचा ‘ऱ’, हलन्त आणि ‘य’ असा क्रम द्यावा लागतो. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह ‘र’ दाबला की हा ‘ऱ’ मिळतो. माहीत नसलेल्यांनी ‘आचाऱ्यास’च्या जागी ‘आचार्यास’ लिहायला सुरुवात केली आणि स्वयंपाक्याचे पैसे गुरुजींना गेले! ‘ॲ’ या अक्षराला तर स्वतंत्र क्रमांक २००८ साली, युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत मिळाला. तोवर ते ‘अ’वर चंद्र ठेवून साधले जाई आणि काही ठिकाणी तो चंद्र बाजूला घसरे.

मिळाले तेही मोठे आहे. मजकुरात शब्द शोधता येतो, नावांची यादी अकारविल्हे लावता येते, फोनवर लिहिलेले संगणकावर तसेच दिसते. आजची मुले तर उलट दिशेने हळहळतात : फोनवर बोलून मराठी उमटवण्याची सवय झालेल्यांना संगणकासमोर बसले की ती सोय आठवते. २०१९ पासून विंडोजमध्ये उच्चारानुसारी मराठी कळफलक आला, तरी फोनची सर त्याला नाही.

मागे राहिलेले सामान

८ एप्रिल २०१४ रोजी विंडोज एक्स्पीचा आधार थांबला. योगायोग असा की त्याच वर्षी जून महिन्यात युनिकोडच्या ७.० आवृत्तीत मोडी लिपीचा समावेश झाला. आठशे वर्षांची लिपी संगणकात आली आणि वीस वर्षांची अक्षरे बाहेर पडू लागली.

माझ्याकडच्या संग्रहात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जुळवलेल्या एका स्थानिक स्मरणिकेच्या फायली आहेत. तिच्यात गावातल्या वृद्धांनी सांगितलेल्या आठवणी होत्या. छापील प्रती वाळवीने खाल्ल्या. मजकूर ज्या पॅकेजात होता त्याला संगणकाच्या मागच्या पोर्टात कुलूप, म्हणजे डोंगल, लावावे लागे, आणि नव्या यंत्रांना तो पोर्टच नाही. शेवटी एका जुन्या यंत्रावर फायली उघडल्या आणि रूपांतरकातून युनिकोडात आणल्या. रूपांतरक अक्षरे बदलतो, पण रफार कुठे बसवायचा आणि वेलांटी कोणत्या व्यंजनाची, हे त्याला दर वेळी उमगत नाही. ओळ न् ओळ माणसाने वाचावी लागली. आठवणी सांगणारे आज हयात नसल्याने शंका विचारायलाही कोणी उरले नव्हते.

आमच्यापासून जवळ, अंबाजोगाईला, दासोपंतांची पासोडी आहे. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर या संतकवीने (१५५१–१६१५) ‘पंचीकरण’ लिहिले. ती आज चारशे वर्षांनीही वाचता येते, कारण कापड जपले गेले आणि लिपी लोकांच्या डोळ्यांत राहिली. अक्षर टिकायला या दोन्ही गोष्टी लागतात. फॉन्टच्या युगात आपण फायली जपल्या, पण त्यांची लिपी एकेका पॅकेजच्या स्वाधीन केली.

म्हणून करण्याजोग्या गोष्टी मोठ्या खर्चाच्या नाहीत. शाळेत संगणक शिकवताना इन्स्क्रिप्ट शिकवावे, म्हणजे कोणत्याही प्रणालीवर गेले तरी बोटे बिनघोर राहतील. वाचनालये, छापखाने आणि संस्था यांनी जुन्या फायलींची यादी करावी, कोणती फाईल कोणत्या फॉन्टात आहे एवढे तरी लिहून ठेवावे. फॉन्टचे नाव ठाऊक असेल तर मजकूर सोडवता येतो. आणि रूपांतर आताच करावे, ते फॉन्ट हाताळलेली डीटीपीवाली मंडळी अजून कामात आहेत तोवर. मोडीच्या बाबतीत वाचणारे शोधायची वेळ आपल्यावर सत्तर वर्षांनी आली. इथे तितकी सवड मिळणार नाही. माझ्या संग्रहातल्या फ्लॉपींपैकी निम्म्या आताच उघडत नाहीत.