फादर फ्रान्सिस दिब्रिटो
वसईतील कॅथलिक धर्मगुरू, मराठी साहित्यिक आणि हरित वसई संरक्षण समितीच्या लढ्याचे नेते. जन्म १९४२ मध्ये, नंदाखाल येथे. १९८३ ते २००७ या काळात त्यांनी ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले. १९८० च्या दशकाअखेरीस वसईचा हरितपट्टा बांधकामांसाठी खुला होऊ लागताच त्यांनी लोकलढा उभारला. टँकरसाठी होणाऱ्या बेसुमार उपशामुळे विहिरींत खारे पाणी शिरले, तर केळी-पानवेलींच्या वाड्या आणि त्यांवर जगणारी कुटुंबे उद्ध्वस्त होतील, ही चळवळीची भूमिका होती. दहशतीच्या राजकारणालाही त्यांनी जाहीर विरोध केला. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.