क्यूटीबॅक्टेरियम ॲक्नेसचे फाज

माणसाच्या त्वचेवरील क्यूटीबॅक्टेरियम ॲक्नेस या जीवाणूला संसर्ग करणारे विषाणू. जीवाणूंवर वाढणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज, म्हणतात. हे फाज १९६४ मध्ये ब्रझिन यांनी प्रथम वेगळे केले. २०१६ पर्यंत जीवाणूचे नाव प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲक्नेस असे होते व जुन्या ग्रंथांत तेच सापडते.

चेहरा, छाती व पाठ येथे केसांच्या मुळाशी असलेल्या तेलकट, प्राणवायू कमी असलेल्या पोकळीत हा जीवाणू राहतो आणि तेथील स्निग्ध पदार्थांवर जगतो. मुरमांशी त्याचे नाव कायमचे जोडले गेले असले, तरी निरोगी त्वचेवरही तो विपुल असतो. त्याला केवळ ‘मुरमांचा जंतू’ म्हणणे अन्यायाचे आहे.

या फाजांचे डोके सुमारे ५० नॅनोमीटर व्यासाचे आणि शेपटी लवचीक, सुमारे १५० नॅनोमीटर लांब असते. शेपटीने जीवाणूला चिकटून फाज आपला डीएनए आत सोडतो. आत नवे फाज तयार होतात आणि एंडोलायसिन हे विकर पेशीभित्ती फोडून त्यांना बाहेर काढते. दरवेळी मात्र असे घडत नाही. इतर अनेक जातींचे फाज यजमानाच्या गुणसूत्रात शिरून दडून राहतात. या फाजांकडे ती सोय नाही. त्यांच्या डीएनएची दोन्ही टोके जुळून त्याचे कडे बनते आणि ते पेशीत सुटेच राहते. जीवाणू जगतो, विभाजित होतो आणि फाजही त्याच्यासोबत टिकून राहतो. या अवस्थेला आभासी सुप्तावस्था म्हणता येईल.

या फाजांचे सर्वांत विलक्षण वैशिष्ट्य म्हणजे त्यांचा सारखेपणा. २०१२ मध्ये वेगवेगळ्या व्यक्तींच्या त्वचेवरून मिळवलेल्या ११ फाजांचे जीनोम प्रसिद्ध झाले. प्रत्येक सुमारे २९ हजार क्षारकजोड्यांचा होता आणि सर्वांत ८५ टक्क्यांहून अधिक साम्य आढळले. क्षयाच्या जंतूच्या कुळातील मायकोबॅक्टेरियांच्या फाजांत मात्र अफाट विविधता आहे. केसांच्या मुळाशी असलेली वस्ती बंदिस्त असते व बाहेरच्या जीवाणूंशी तिचा संबंध कमी येतो, हे या सारखेपणाचे एक संभाव्य कारण आहे.

जीवाणूही निमूटपणे बळी पडत नाही. त्याच्या दुसऱ्या प्रकारातील वाणांत क्रिस्पर ही संरक्षणयंत्रणा असते. पूर्वी आलेल्या फाजाच्या डीएनएचे तुकडे जपून ठेवून ती पुढच्या वेळी तो डीएनए ओळखते व तोडते.

  

एकच फाज क्यू. ॲक्नेसचे बहुतेक वाण मारू शकत असल्याने, आणि हा जीवाणू एरिथ्रोमायसिन व क्लिंडामायसिन या प्रतिजैविकांना अनेक ठिकाणी दाद देत नसल्याने, फाज-उपचाराची आशा वाटते. पण फाजांत विविधता नाही, म्हणून जो वाण एकाला दाद देत नाही त्याच्यासाठी दुसरा सहज सापडत नाही. शिवाय लावलेला फाज तेलाने भरलेल्या छिद्रात खोलवर पोहोचावा लागतो.