माटुंग्याच्या मैला-वायूचा कालनिर्णय

शहरांतील मैलापाण्यापासून निघणारा ज्वालाग्राही वायु कोंडून कामास लावण्याचा एक आद्य प्रयोग मुंबईस माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या आश्रमांत झाला. त्याचा काल मात्र कित्येक इंग्रजी ग्रंथांत, व त्यांवरून उतरलेल्या लेखांत, १८५९ असा छापलेला आढळतो. आमच्या मतें हा काल सर्वथैव त्याज्य होय.

प्रमाण साधें आहे. ज्या आश्रमाची ही टाकी, तो आश्रमच मुळीं १८९० सालीं स्थापन झाला. मुंबईचे तत्कालीन म्युनिसिपल कमिशनर हॅरी आर्बथनॉट अॅक्वर्थ यांनीं तो उभारला व पुढें त्यास त्यांचेंच नांव मिळालें. हे अॅक्वर्थ आमच्या वाचकांस परके नाहींत. शंकर तुकाराम शाळिग्राम यांच्यासह १८९१ सालीं ज्यांनीं ऐतिहासिक पोवाड्यांचा संग्रह प्रसिद्ध केला, तेच हे गृहस्थ. पोवाडे व मैला यांची एकाच पुरुषाच्या चरित्रांत पडलेली ही गांठ मोठी मौजेची आहे. असो. आश्रमाच्या पूर्वीं एकतीस वर्षें त्याची टाकी चालूं होती असें म्हणणें म्हणजे बापाआधीं लेकाचें बारसें करणें होय.

दुसरें असें कीं, मैला कुजविणारी बंद टाकी फ्रान्सांत मूरा यानें केली, ती १८८१ च्या सुमारास छापील लेखांतून जगापुढें आली. इंग्लंडांत एक्झेटर येथें डोनाल्ड कॅमेरन यानें १८९५ सालीं तशी टाकी बांधून तींतील वायूवर दिवे लाविले. माटुंग्याच्या टाकीवर वायु धरण्याची योजना होऊन त्यावर गॅस-एंजिन चालविल्याची नोंद १८९७ ची आहे व तीच या क्रमांत बसते. एक्झेटर व माटुंगा हीं नांवें बहुधा जोडीनेंच येतात. तेव्हां १८९५ मधील शेवटच्या दोन अंकांची अदलाबदल होऊन १८५९ उत्पन्न झालें असावें, असा आमचा तर्क आहे. पोथ्यांचे नकलनवीस अशा चुका नित्य करीत. छापखानेही त्यांस अपवाद नाहींत.

अडतीस वर्षांच्या फरकानें काय बिघडलें, असें कोणी म्हणेल. सांप्रत पृथ्वीच्या तापमानवाढीचा जो जमाखर्च मांडला जातो, त्यांत शहरांच्या सांडपाण्याचें खातें स्वतंत्र आहे. हवा न लागतां मैला कुजला म्हणजे मिथेन होतो. शंभर वर्षांच्या मापानें तो वजनास वजन कार्बन डायॉक्साइडच्या सुमारें २७ पट तापदायक ठरतो. तोच जाळला तर पाणी व कार्बन डायॉक्साइड उरतो, आणि हा कार्बन मूळचा अन्नधान्यांतील असल्यामुळें या खात्यांत नांवें पडत नाहीं. जेम्स वगैरे एंजिनियरांच्या डोक्यांत हा हिशेब अर्थातच नव्हता. फुकटचें जळण त्यांस हवें होतें. परंतु खरा काल धरला असतां दिसतें तें असें: बंद टाकी रूढ होऊं लागतांच, दोन वर्षांच्या आंत, तिचा वायु मुंबईंत धरून जाळण्यांत आला. पुढें टाकी घरोघर पसरली, वायु धरण्याची युक्ति मागें राहिली, व नळीवाटे तो सरळ आकाशांत जाऊं लागला. जमिनीखालील बंद गटारांतून मिथेन फारसा निघत नाहीं, असें आंतरराष्ट्रीय गणनापद्धतींत २००६ सालीं नमूद होतें. २०१९ च्या दुरुस्तींत तें मत बदलावें लागलें.

मुंबई नगरपालिकेकडील ड्रेनेज एंजिनियर कारकीट जेम्स यांचा पौर्वात्य शहरांच्या मैलापाण्यावरील ग्रंथ १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. तो, व १८९० ते १९०० चे नगरपालिकेचे अहवाल, ज्यांच्या संग्रहीं असतील त्यांनीं ते केवळ गटारांचे कागद म्हणून रद्दींत घालूं नयेत, व माटुंग्यासंबंधींचे उतारे या त्रैमासिकाकडे पाठवावे.