हातकरवतीने फांद्यांची छाटणी

हातकरवतीने फांद्यांची छाटणी म्हणजे झाडावर चढून किंवा शिडीवर उभे राहून वाळलेल्या, रोगट अथवा घरांवर झुकलेल्या फांद्या हाताने चालवायच्या करवतीने कापणे होय. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील गंगापूर तालुक्यासह मराठवाड्यात कडुनिंब, बाभूळ, चिंच व आंबा ही झाडे बांधांवर आणि वस्तीलगत आढळतात. शेळ्यांचा पाला व सरपण यांसाठीही त्यांच्या फांद्या तोडल्या जातात. या कामात उंचावरून पडणे, कापलेली फांदी अंगावर येणे व विजेचा धक्का बसणे हे प्रमुख जीवघेणे धोके आहेत.

साधने

छाटणीच्या करवतीचे दात बहुधा मुठीकडे वळलेले असतात. त्यामुळे ती ओढताना कापते. ढकलताना जोर दिल्यास पाते वाकते. कुऱ्हाड किंवा कोयत्याचा घाव घालताना हात जोराने फिरवावा लागतो व तोल जाऊ शकतो; करवतीने हा धोका कमी होतो. करवत हातात धरून चढत नाहीत. ती म्यानात ठेवतात किंवा नंतर दोरीने वर ओढून घेतात.

सुरक्षितता

कापण्यापूर्वी कमरपट्ट्याचा दोर जिवंत, भक्कम खोडाला बांधतात. कापायच्या फांदीला तो कधीही बांधत नाहीत. शेवग्याची फांदी ठिसूळ असल्याने तिच्यावर भार देणे धोक्याचे असते. मोकळा हात करवतीच्या रेषेपासून दूर ठेवतात. फांदीखालील जागा रिकामी ठेवून जमिनीवर एक माणूस लक्ष ठेवतो. पावसात निसरड्या खोडावर चढणे टाळतात. फांदी तारांजवळ असल्यास महावितरणकडून वीजपुरवठा बंद करून घेणे आवश्यक असते, कारण ओल्या फांदीतूनही वीज वाहते.

तीन कापांची पद्धत

जड फांदी वरून एकाच कापात तोडल्यास ती अर्ध्यातच मोडते व खोडाची साल सोलून नेते. म्हणून पहिला काप खोडापासून सुमारे ३० सेंटिमीटरवर, खालच्या बाजूने, जाडीच्या एक-तृतीयांशापर्यंत घेतात. दुसरा काप त्याच्या किंचित पुढे वरून घेतल्यावर फांदी सुटते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढताना फांदीच्या बुडाशी असलेला फुगीर भाग राखतात. तेथूनच जखम भरून येते. फळझाडांच्या मोठ्या कापांवर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावतात.

कायदेशीर तरतुदी

महाराष्ट्राच्या नागरी क्षेत्रांत १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाडाला इजा करणे हेही वृक्षतोडीच्या व्याख्येत येते. त्यामुळे नगरपरिषदेच्या हद्दीत मोठ्या छाटणीपूर्वी वृक्ष प्राधिकरणाकडे विचारणा करणे इष्ट ठरते.