गेटवे भारवाटणी

गेटवे भारवाटणी : अंतर्गत जाळ्यातून बाहेर जाणारी वाहतूक दोन किंवा अधिक राउटरांवर एकाच वेळी विभागण्याची पद्धत. एक राउटर बंद पडल्यास त्याचे काम उरलेले उचलतात. सिस्को कंपनीचा जीएलबीपी हा यासाठीचा खास प्रोटोकॉल होय.

संगणकाला बाहेर जाण्यासाठी सहसा गेटवेचा एकच आयपी पत्ता दिलेला असतो. तो राउटर मेला, की शेजारचा धडधाकट राउटर असूनही उपयोगाचा नाही. १९९८ मध्ये आरएफसी रूपाने प्रसिद्ध झालेल्या एचएसआरपी व व्हीआरआरपी या प्रोटोकॉलांनी आभासी पत्ता वापरून ही अडचण सोडवली. मात्र त्यांच्या एका गटात एकच राउटर राबतो. दुसरा राखीव बसतो आणि त्याच्या लाइनचे भाडे चालूच राहते.

जीएलबीपीत आभासी आयपी पत्ता एकच, पण मॅक पत्ते (जोडणीचे हार्डवेअर पत्ते) अनेक, एका गटात जास्तीत जास्त चार. सर्वाधिक प्राधान्याचा राउटर म्होरक्या होतो. संगणकाने ‘गेटवेचा मॅक पत्ता कोणता?’ असे एआरपीने विचारले, की म्होरक्या सगळ्यांना एकच उत्तर देत नाही : पाळीपाळीने, राउटरच्या ठरवलेल्या वजनानुसार किंवा एका संगणकाला कायम तेच. अकोला जिल्ह्यातील तेल्हाऱ्याच्या बाजार समितीत दारावरच्या माणसाने एक गाडी या काट्याकडे, दुसरी त्या काट्याकडे धाडावी, तसा हा प्रकार. गाडीत माल किती, हे तो पाहत नाही. त्यामुळे वाटणी संगणकांची होते, वाहतुकीची नव्हे. मोठ्या फाइली उतरवणारे दोन संगणक एकाच राउटरवर आले तर भार एकीकडेच झुकतो. परतीच्या वाहतुकीवर या प्रोटोकॉलचा ताबा नसतो.

राउटर एकमेकांना दर ३ सेकंदांनी हॅलो संदेश पाठवतात. १० सेकंद संदेश आला नाही, की तो राउटर गेला असे धरले जाते आणि त्याचा मॅक पत्ता दुसरा सांभाळतो. नव्या संगणकांना तो मॅक पत्ता देणे म्होरक्या १० मिनिटांनी थांबवतो. ४ तासांनी पत्ताच मोडीत निघतो. ही सारी मूळ मूल्ये असून ती बदलता येतात.

राउटर सुरू पण बाहेरची लाइन तुटलेली, ही स्थिती हॅलो संदेशांना कळत नाही. त्यासाठी लाइनवर वेगळी पाळत लावून राउटरचे वजन उतरवावे लागते. खेड्यापाड्यांत हेच जास्त घडते, आणि नवखे नेमके हेच विसरतात.

केंद्राने २००५ मध्ये मंजूर केलेल्या राज्यव्यापी जाळ्याच्या योजनेत राज्य, जिल्हा, तालुका अशी उतरंड आहे. त्यात तेल्हाऱ्यासारखे तालुक्याचे गाव शेवटच्या पायरीवर येते. अशा ठिकाणी निरनिराळ्या कंपन्यांची उपकरणे असतील तर सिस्कोपुरता मर्यादित जीएलबीपी निरुपयोगी. तेथे व्हीआरआरपीचे दोन गट करून अर्धे संगणक एकेका गटाला जोडणे बरे. दोन्ही केबल एकाच चरातून येत असतील, तर जेसीबीच्या एका घावात दोन्ही राउटर मुके होतात. म्हणून आधी दुसरी लाइन वेगळ्या वाटेने किंवा बिनतारी घ्यावी. दुसऱ्या राउटरचा खर्च त्यानंतर करावा.