मका, अ जीवनसत्त्वसमृद्ध
मका, अ जीवनसत्त्वसमृद्ध : दाण्यातील अ जीवनसत्त्वाच्या पूर्वद्रव्यांचे (मुख्यत्वे बीटा-कॅरोटिनाचे) प्रमाण निवड व संकर यांच्या साहाय्याने वाढविलेले मक्याचे वाण. मका हेच ज्यांचे मुख्य अन्न आहे आणि ज्यांना दूध, अंडी, पालेभाज्या व फळे क्वचितच मिळतात, अशा लोकांत या जीवनसत्त्वाची न्यूनता आढळते. तीमुळे रातांधळेपणा येतो, रोगप्रतिकारशक्ती घटते व तीव्र न्यूनतेत बालकांची दृष्टी कायमची जाते.

इतिहास : अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात हॅरी स्टीनबॉक यांनी पिवळ्या व पांढऱ्या मक्यावर पोसलेल्या उंदरांच्या वाढीची तुलना केली. पांढऱ्या मक्यावरील उंदीर खुरटले. त्यावरून पिवळ्या रंगद्रव्याचा या जीवनसत्त्वाशी संबंध असावा, असे अनुमान त्यांनी १९१९ मध्ये मांडले. कॅरोटिनाचे प्राण्याच्या शरीरात अ जीवनसत्त्वात रूपांतर होते, हे टॉमस मुर यांनी १९३० मध्ये दाखविले. पुष्कातील (बीजातील गर्भाला अन्न पुरविणाऱ्या भागातील) पिवळ्या रंगाच्या जिनांची संख्या वाढते, तसे जीवनसत्त्वही वाढते, असे पॉल मँगल्सडॉर्फ व जी. एस. फ्रॅप्स यांना १९३१ मध्ये आढळले.

तथापि केवळ रंगावरून केलेली निवड पुरेशी ठरत नाही. नेहमीच्या पिवळ्या मक्यातील बहुतेक रंगद्रव्य ल्युटीन व झीझँथीन या स्वरूपात असते व त्यांपासून अ जीवनसत्त्व तयार होत नाही. दाण्यात बीटा-कॅरोटीन अधिक साठू देणारे दोन जिनांचे अनुकूल प्रकार २००८ व २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून ज्ञात झाले व प्रजननास निश्चित दिशा मिळाली.

प्रसार : आफ्रिकेच्या दक्षिण भागात पांढरा मका पसंत केला जातो, पिवळा मका दुष्काळातील मदतीचे धान्य वा पशुखाद्य म्हणून हलका मानला गेला. झँबियात २०१२ मध्ये प्रसारित झालेले तीन संकरित वाण नारिंगी असल्याने त्यांची वेगळी ओळख करून देता आली. तेथील बालकांवरील एका प्रयोगात (२०१४) शरीरातील अ जीवनसत्त्वाचा साठा वाढला. दुसऱ्यात (२०१६) रक्तातील पातळी वाढली नाही, मात्र न्यूनता असलेल्या बालकांच्या डोळ्यांची मंद प्रकाशातील प्रतिक्रिया सुधारली. भारतात नवी दिल्ली येथील भारतीय कृषि अनुसंधान संस्थेने विकसित केलेला ‘पुसा विवेक क्यूपीएम-९ इम्प्रूव्ह्ड’ हा संकरित वाण २०१७ मध्ये प्रसारित झाला. त्यात दर ग्रॅममागे सु. ८ मायक्रोग्रॅम पूर्वद्रव्य असते. प्रचलित वाणांत ते साधारणतः २ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते.

साठवणीत हवा, उष्णता व प्रकाश यांमुळे कॅरोटिनांचा बराच ऱ्हास होतो. शिवाय शरीरात त्यांचे शोषण होण्यासाठी आहारात स्निग्ध पदार्थ लागतात. त्यामुळे हा मका विविधतापूर्ण आहाराची जागा घेऊ शकत नाही. परंतु असा आहार ज्यांना परवडत नाही, त्यांच्या रोजच्या अन्नातील एक उणीव तो काही अंशी भरून काढतो.